मिलिटरी अकॅडमी यादीत असेल तर एकूण किती कॉलेजांना अर्ज करावेत?

अमेरिकेत मूल ज्युनिअर इयरला (अकरावीला) आलं की मराठी घरांत एकच विषय सुरू होतो: किती ठिकाणी अर्ज टाकायचे? कुणी सहा सांगतं, कुणी पंधरा. कॉमन ॲपवर (एकाच फॉर्मवरून अनेक कॉलेजांना अर्ज करायची साइट) जास्तीत जास्त २० कॉलेजं घेता येतात, तर काही घरांत तोच आकडा गाठायचा असं ठरतं. मुलाला वेस्ट पॉइंट किंवा ॲनापोलिससारख्या मिलिटरी अकॅडमीची, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या सरकारी कॉलेजची, ओढ असेल तर मात्र हा हिशेब पार बदलतो, आणि आपल्या ओळखीपाळखीत त्या वाटेने गेलेलं कुणी सापडत नाही. आमची मुलगी या सगळ्यातून गेली आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांची दमछाक कमी व्हावी म्हणून मी हे क्रमाने लिहिते आहे.

माझं मुख्य सांगणं आधीच सांगते. अकॅडम्या आणि साधी कॉलेजं यांची बेरीज करून एकच आकडा काढू नका. साध्या कॉलेजांची यादी अशी बांधा, की अकॅडम्यांचं काहीच जमलं नाही तरी ती स्वतःच्या पायावर उभी राहील. अकॅडम्या तिच्यावर वरून येतात, आणि त्या मोजक्याच असाव्यात.

१. नावांचा घोळ आधी मिटवा

‘मिलिटरी कॉलेज’ या एका नावाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

पहिली, केंद्र सरकारच्या पाच अकॅडम्या: वेस्ट पॉइंटची मिलिटरी अकॅडमी (१८०२), ॲनापोलिसची नेव्हल अकॅडमी (१८४५), कोलोरॅडो स्प्रिंग्जची एअर फोर्स अकॅडमी (१९५४), न्यू लंडनची कोस्ट गार्ड अकॅडमी आणि किंग्ज पॉइंटची मर्चंट मरीन अकॅडमी. इथे शिकवणीची फी नाही. पहिल्या तीन ठिकाणी पदवीनंतर किमान पाच वर्षं पूर्णवेळ सेवा आणि एकूण आठ वर्षांची बांधिलकी असते. मर्चंट मरीनचे नियम वेगळे आहेत, ते स्वतंत्र वाचा.

दुसरी, सीनिअर मिलिटरी कॉलेजं: व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट, द सिटाडेल, नॉर्विच, टेक्सस ए अँड एम, व्हर्जिनिया टेक आणि युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ जॉर्जिया. यांना नामांकन (सिनेटरने किंवा संसदेतल्या प्रतिनिधीने मुलाचं नाव सुचवणं) लागत नाही, पण फी भरावी लागते. व्हर्जिनिया टेक आणि टेक्सस ए अँड एममध्ये तर गणवेशातली मुलं आणि बाकीचे हजारो विद्यार्थी एकाच आवारात शिकतात. ‘सिटाडेलला गेला म्हणजे फुकट’ असं समजणारे पालक मला भेटले आहेत. तसं नाही.

तिसरी, आरओटीसी. साध्या विद्यापीठात शिकता शिकता अधिकारी होण्याचं प्रशिक्षण, आणि निवड झाली तर शिष्यवृत्ती. शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा आणि कॉलेजचा अर्ज वेगळा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून प्रवेश मिळत नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यादी बांधताना ती फार कामाला येते.

२. अर्ज उघडण्याआधी पात्रता तपासा

पाचही अकॅडम्यांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड पुरत नाही, एच-४ व्हिसाचा तर प्रश्नच नाही. मूल इथेच जन्मलेलं असेल तर अडचण नाही. तुम्ही नागरिक झालात तेव्हा मूल १८ वर्षांखालचं, ग्रीन कार्डधारक आणि तुमच्याजवळ राहणारं असेल, तर तेही आपोआप नागरिक होतं; पण हातात पुरावा हवा. त्याचा अमेरिकन पासपोर्ट काढलेला नसेल तर हे काम आजच सुरू करा.

प्रवेशाच्या वर्षी १ जुलैला वय किमान १७ पूर्ण हवं. वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी २३ च्या आत आहे. उमेदवार अविवाहित हवा आणि त्याच्यावर कुणी अवलंबून नसावं.

आपल्या घरांसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती अमेरिकन वेबसाइटवर दिसणार नाही. परदेशी सैन्यात नोकरीत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात ये-जा करण्यासाठी मिळणारं) देता येत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. मुलाकडे आधीच ओसीआय असेल तर पुढे त्याचं काय, हे भारतीय वकिलातीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आजी-आजोबांना भेटायला जाण्याशी याचा थेट संबंध आहे, तेव्हा मुलालाही हे आधी कळलं पाहिजे.

३. तब्येतीचे कागद काढून बसा

बरेच उमेदवार इथे अडकतात, आणि आईवडिलांना सगळ्यात उशिरा कळतं तेही इथेच.

सगळ्या अकॅडम्या आणि आरओटीसी शिष्यवृत्त्या यांची वैद्यकीय तपासणी एकच संस्था पाहते. तिला सगळे डॉडमर्ब म्हणतात. तपासणी तुम्ही मागायची नसते. अर्ज पुढे सरकला की अकॅडमीच ती सुरू करून देते, आणि खर्च तुमच्यावर पडत नाही. त्यांच्या निकषांत १३ व्या वाढदिवसानंतर दम्याचं निदान किंवा त्यावरचे उपचार असतील तर अडचण येते. चष्मा चालतो, पण नंबर उणे किंवा अधिक ८ च्या पलीकडे नको. अन्नाच्या तीव्र ॲलर्जीसाठी एपिपेन बाळगणारं मूल, एडीएचडीची औषधं, जुनी शस्त्रक्रिया, रंग ओळखण्यातली अडचण या सगळ्याची चौकशी होते.

आता घरातली गोष्ट. मूल चौदा वर्षांचं असताना हिवाळ्यात खोकला आठवडाभर हटला नाही, डॉक्टरांनी अल्ब्युटेरॉलचा पंप लिहून दिला, चार दिवसांत खोकला गेला, पंप ड्रॉवरमध्ये पडला. तुमच्या लेखी विषय संपला. पण नोंदीत ‘रिॲक्टिव्ह एअरवे’ असे दम्याकडे बोट दाखवणारे शब्द राहिलेले असू शकतात, आणि तपासणीत त्यावरच प्रश्न येतो. म्हणून ज्युनिअर इयरमध्येच बालरोगतज्ज्ञांकडून पूर्ण रेकॉर्ड मागवा आणि ओळ न् ओळ वाचा. निदान चुकीचं नोंदलं गेलं असेल तर डॉक्टरांशी बोलून पुढची चाचणी करून घ्या. काही लपवायचं मात्र नाही. लपवलेलं नंतर उघड झालं तर नुकसान फार मोठं असतं.

अपात्र ठरलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. सूट मिळू शकते. तिच्यासाठी आपण अर्ज करत नाही. अकॅडमीला उमेदवार हवा असेल तर तीच ती प्रक्रिया चालवते. आणि प्रत्येक अकॅडमी हा निर्णय आपापला घेते, त्यामुळे एकीने नाकारलेली सूट दुसरी देऊ शकते.

४. संधी किती, ते खरेपणाने मोजा

समजा मुलाने तीन अकॅडम्या आणि तीन आरओटीसी शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज केले. कागदावर सहा संधी दिसतात. पण सहाही ठिकाणी वैद्यकीय तपासणी एकच. तीन अकॅडम्यांची नामांकनं त्याच दोन सिनेटर आणि एका प्रतिनिधीच्या कार्यालयांतून येणार. नोव्हेंबरमध्ये धावताना गुडघा दुखावला तर सहाही अर्ज एकाच वेळी लंगडे होतात. म्हणजे अकॅडम्यांची संख्या वाढवली म्हणून संधी त्या प्रमाणात वाढत नाही. बहुतेक मोठ्या अकॅडम्यांत अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाच्या आसपास मुलं पोचतात, हेही डोक्यात असू द्या.

त्यामुळे मी प्रत्येकाला एक गोष्ट करायला सांगते. पूर्ण यादी कागदावर लिहा. मग पेनाने सगळ्या अकॅडम्या खोडा, आणि आरओटीसीच्या पैशांवाचून परवडणार नाहीत ती कॉलेजंही खोडा. उरलेल्या नावांकडे मुलाला पाहू द्या. त्यातल्या कुठल्या तरी दोन ठिकाणी प्रवेश जवळजवळ नक्की आहे का? तिथली फी झेपते का? तिथे जायला ते खुशीने तयार आहे का? तिन्हींचं उत्तर हो आलं तर यादी पुरेशी आहे. एकही ‘नाही’ असेल तर आणखी एक वेस्ट पॉइंटसारखं नाव घालून ते भरून निघणार नाही. साधं, खात्रीचं कॉलेज शोधावं लागेल.

आणखी एक. कोस्ट गार्ड अकॅडमीला नामांकन लागत नाही. त्यामुळे नामांकनाच्या बाजूने पाहिलं तर तिचा अर्ज बाकीच्यांपासून खरोखर स्वतंत्र आहे. पण समुद्रावरची बचावसेवा मुलाला मनापासून आवडत असेल तरच तो करावा.

५. आकडा ठरवा

माझ्या मते अकॅडम्या एक ते तीन, आणि साधी कॉलेजं सहा ते आठ. अकॅडमी निवडताना मुलाला एकच विचारा: पदवीनंतरची ती पाच वर्षं या सेवेत घालवायला आवडतील का? जहाजावर महिनोन्‌महिने राहायचं नसेल तर नेव्हल अकॅडमी नावासाठी यादीत ठेवू नये. पाचही अकॅडम्यांना अर्ज करणाऱ्या मुलाला नामांकनाच्या मुलाखतीत ‘नक्की हवंय काय?’ असं विचारलं जातं, आणि तिथे गोलमोल उत्तर चालत नाही.

नमुन्यादाखल, न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग करू इच्छिणाऱ्या मुलाची यादी अशी दिसू शकते. अकॅडम्या दोन: नेव्हल आणि वेस्ट पॉइंट. राज्यातली दोन: रटगर्स आणि एनजेआयटी. बाहेरची तीन: पेन स्टेट, पर्ड्यू आणि व्हर्जिनिया टेक. स्वप्नातलं एक: कॉर्नेल. एकूण आठ. यातल्या सहाही साध्या विद्यापीठांत कुठल्या ना कुठल्या दलाची आरओटीसी आहे, हा योगायोग नाही. आरओटीसीसाठी वेगळी कॉलेजं वाढवायची गरज पडू नये, अशीच यादी बांधायची. मात्र मुलाला हव्या त्याच दलाचं युनिट तिथे आहे ना, हे तपासा. एनजेआयटीत एअर फोर्सचं आहे म्हणून नौदलाची शिष्यवृत्ती तिथे वापरता येईल असं नाही.

६. निबंध आणि शिफारशींचा तक्ता करा

कॉलेजं आठ म्हणजे काम आठपट नव्हे. कॉमन ॲपचा मुख्य निबंध एकच असतो, फक्त पूरक प्रश्न वाढतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एका अर्जात नऊ कॅम्पस निवडता येतात. तिथे आठ प्रश्नांतल्या चारांची, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं लिहायची असतात, मात्र फी प्रत्येक कॅम्पसची वेगळी पडते.

अकॅडमीच्या एका ओळीत मात्र एवढं सगळं मावतं: सुरुवातीची प्रश्नावली, मुख्य अर्ज, निबंध, एसएटी किंवा एसीटी, शिक्षकांची मतं, शारीरिक चाचणी, वैद्यकीय तपासणी, अकॅडमीच्या स्थानिक प्रतिनिधीसमोर मुलाखत आणि त्यावर नामांकनाचे तीन-चार अर्ज. एक अकॅडमी म्हणजे कामाच्या दृष्टीने तीन साधी कॉलेजं धरा. दुसरी अकॅडमी त्यामानाने हलकी जाते, कारण बरंच काही सामाईक असतं.

शिक्षक निवडतानाही लक्ष द्या. मुलाचं जमतं म्हणून इतिहासाच्या बाईंना विचारून ठेवलं जातं. नेव्हल अकॅडमीला मात्र गणित आणि इंग्रजीच्या शिक्षकांची मतं हवी असतात. या दोघांना ज्युनिअर इयर संपायच्या आत सांगून ठेवा, आणि शाळेच्या काउन्सेलरनाही. नामांकनाच्या कार्यालयांना गुणपत्रक शाळा उघडल्या उघडल्या लागतं, तेव्हा काउन्सेलर वेळापत्रकांच्या गर्दीत असतात.

शारीरिक चाचणीचा सरावही उन्हाळ्यातच. पुल-अप्स, पुश-अप्स, क्रंचेस, शटल रन आणि एक मैल धावणं हे मुलांना ठाऊक असतं. बास्केटबॉल फेकायचा प्रकार मात्र बहुतेकांना नवा असतो: दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून, एका हाताने, खांद्यावरून. पायांचा जोर मिळत नाही, त्यामुळे चांगल्या खेळणाऱ्या मुलांचाही चेंडू पहिल्यांदा कमी अंतरावर पडतो. कोस्ट गार्डची चाचणी वेगळी असते.

७. नामांकनाचे अर्ज

कोस्ट गार्ड सोडून बाकी चार अकॅडम्यांना नामांकन लागतं. दोन सिनेटर आणि तुमच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी, या तिघांकडेही अर्ज करा. पहिल्या तीन अकॅडम्यांसाठी उपराष्ट्रपतींकडेही करता येतो. तिथे देशभरातून अर्ज येतात, पण तो भरायला वेळ कमी लागतो, म्हणून सोडू नका. शाळेत जेआरओटीसी (शाळकरी मुलांसाठीचं तसंच प्रशिक्षण) असेल तर तिथूनही नामांकनाचा मार्ग असू शकतो.

हे राजकीय वशिल्याचं काम आहे, असं समजून काही आईवडील मागे सरतात. ओळख लागत नाही. एका वेळी प्रत्येक सदस्याच्या नावावर एका अकॅडमीत पाच विद्यार्थी असू शकतात, आणि जागा रिकामी झाली की कार्यालय अर्ज मागवून, समिती नेमून मुलाखती घेतं. मुलाखतीत आईवडिलांनी बाहेर बसायचं. कार्यालयाला फोनही मुलानेच करायचा.

सापळा आहे तो तारखांचा. प्रत्येक कार्यालयाची शेवटची तारीख वेगळी. कुणाची सप्टेंबरमध्ये, कुणाची नोव्हेंबरमध्ये. अकॅडमीची तारीख जानेवारीअखेरची दिसते आणि आपण निवांत राहतो. तोवर नामांकनाचं दार बंद झालेलं असतं. अर्जात अकॅडम्यांचा पसंतीक्रमही विचारतात. काही राज्यांत तिन्ही कार्यालयं आपसांत बोलून एका मुलाला एकच नामांकन देतात, म्हणून क्रम तिन्हीकडे सारखाच लिहा.

८. अर्ली डिसिजनपासून सांभाळा

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज, बंधनकारक असतं. वरच्या यादीतल्या कॉर्नेलला तसा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये होकार आला, तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. अकॅडमीचेही. तेव्हा कॉर्नेल अकॅडमीपेक्षा खरोखर वरचं असेल तरच हा मार्ग घ्या. अर्ली ॲक्शन हाही लवकरचाच अर्ज, पण त्याला असं बंधन नाही. जिथे मिळेल तिथे ते घ्या, कारण जानेवारीच्या आत एक होकार हातात असला की अकॅडमीची वाट पाहणं सुसह्य होतं. हार्वर्ड किंवा प्रिन्स्टनसारख्या ठिकाणच्या एकाच-जागी-लवकर-अर्ज नियमांत मिलिटरी अकॅडम्यांना सहसा सवलत असते. तरी त्या वर्षीचा नियम शब्दशः वाचा.

९. कागदपत्रं

एका फोल्डरमध्ये हे सगळं ऑगस्टपर्यंत जमा करा:

- जन्मदाखला, अमेरिकन पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र
- सोशल सिक्युरिटी क्रमांक
- गुणपत्रक आणि एसएटी किंवा एसीटीचे गुण
- खेळ, नेतृत्व, नोकरी आणि सेवाकार्याची वर्षवार यादी, तासांसह
- बालरोगतज्ज्ञ, डोळ्यांचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांच्या नोंदी, चष्म्याचा ताजा नंबर
- शिफारस देणाऱ्यांचे ईमेल
- नामांकनासाठी कार्यालयाने मागितलेला फोटो
- फॅफ्सासाठी (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) आईवडिलांची करविवरणं

नावाकडे खास लक्ष द्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव असतं. पासपोर्टवर ते पूर्ण, शाळेत फक्त आद्याक्षर, एसएटीच्या खात्यात गायब, असं हमखास होतं. पासपोर्टवर आहे तेच नाव सगळीकडे ठेवा, नाहीतर गुण एकीकडे आणि अर्ज दुसरीकडे पडून राहतो.

पैशांचं म्हणाल तर अकॅडम्यांच्या अर्जाला फी नाही. साध्या कॉलेजांची असते, आणि आठ-नऊ कॉलेजांची मिळून रक्कम जाणवण्याइतकी होते. अकॅडमी फुकट आहे म्हणून फॅफ्सा टाळू नका. तो बाकीच्या यादीसाठी लागतोच.

१०. एप्रिल आणि त्यापुढे

अकॅडम्यांची उत्तरं शरद ऋतूपासून एप्रिलपर्यंत कधीही येतात. १ मेला साध्या कॉलेजला होकार कळवायची वेळ येते. अकॅडमीकडून काहीच कळलं नसेल तर पसंतीच्या एका कॉलेजची अनामत भरून जागा पक्की करा. उशिरा बोलावणं आलं तर ती अनामत जाते, एवढंच. पण त्या कॉलेजला लगेच कळवा म्हणजे जागा दुसऱ्या मुलाला मिळेल.

कधी अकॅडमी थेट प्रवेश न देता आपल्या तयारीच्या शाळेत एक वर्ष देऊ करते. त्यासाठी वेगळा अर्ज नसतो. मुलाला अकॅडमीच हवी असेल तर हा प्रस्ताव हलक्यात घेऊ नका.

नकार आला तर वयाच्या मर्यादेत पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. कॉलेजमध्ये कॅल्क्युलस, रसायनशास्त्र आणि इंग्रजी घ्या, आरओटीसीत नाव घाला. मात्र अकॅडमीत सुरुवात पुन्हा पहिल्या वर्षापासूनच होते. कॉलेजचं वर्ष पुढे धरलं जात नाही. नामांकनही नव्याने लागतं, जुनं चालत नाही, आणि त्या कार्यालयांचे अर्ज उन्हाळ्याच्या आसपास पुन्हा उघडलेले असतात.